कट्टी मास्तरांना सकाळी विचारा

नर्स म्हटलं की लोकांना पांढरी टोपी आणि हातातली सुई आठवते. मी टोपी फारशी घातली नाही. माझी नोकरी लोकांच्या घरात होती. पन्नास-साठच्या दशकांत बंगलोरमध्ये एखाद्या घरी माणूस जायच्या वाटेवर असला, इस्पितळाने हात टेकले असले आणि घरच्यांना एकट्याने निभावत नसलं, की डॉक्टर माझ्यासारखीला पाठवत. ‘देसाई सिस्टर’ एखाद्या घराची पायरी चढल्या की गल्ली काय ते समजे. शिवाजीनगरात आमच्या घराजवळचा एक किराणावाला तर मी दुकानात शिरले की बाकी सगळी गिऱ्हाइकं सोडून आधी माझं सामान बांधायचा. मला वाटे, काय हा मान! पुढे कळलं, मी जितक्या लवकर दुकानातून जाईन तितकं त्याला बरं वाटायचं.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी ‘काहीतरी आनंदी लिहा’ असं सांगून गेलेत. आता मी आनंदी काय लिहिणार? पण विचार करता करता लक्षात आलं, की या कामात मला सर्वात जास्त काही मिळालं असेल तर ते हायसं वाटणं. रडू कमी, सुटकेचा नि:श्वास जास्त. तो ज्यांना येतो त्यांना त्याची लाज वाटते, म्हणून कुणी बोलत नाही. मला लाज वाटत नाही.

काम काय असे ते आधी सांगते. अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट आणि पावडर लावायची, म्हणजे जखमा होत नाहीत. ओल्या कापसाने तोंड पुसायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं मॉर्फिन सांगितलेल्या वेळी टोचायचं. नाडी बघायची. आणि घरच्यांना सांभाळायचं, हे कुठल्याही पुस्तकात नसलेलं काम. रोगी बिचारा पडून असतो. घरचे मात्र धावत असतात. चामराजपेटेत एका आजींना त्यांच्या मुलांनी घाईघाईने जमिनीवर घोंगडीवर उतरवलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, आणि आजींनी ते चावून खाऊन ‘कॉफी आहे का?’ म्हणून विचारलं. एकदा खाली उतरवलेल्या माणसाला परत पलंगावर घ्यायचं की नाही यावर मग घरात परिषद भरली. आजी दसरा झाला, दिवाळी झाली, तरी जमिनीवरच. माझे गुडघे गेले ते त्या घरात.

हसण्यावारी नेलं तरी आतला प्रश्न तोच होता. कधी थांबायचं, आणि ते ठरवायचं कुणी? हल्ली या गोष्टींवर चर्चासत्रं होतात, कोर्टात वाद चालतात. तेव्हा काही नव्हतं. कागद नाही, नियम नाही. रोग्याचं मत विचारायची तर पद्धतच नव्हती. मुलगा ठरवी, डॉक्टर मान डोलावत, आणि मी सुई उकळायला ठेवी.

कट्टी मास्तरांचं घर बसवनगुडीत होतं. घर म्हणजे माडीवरच्या भाड्याच्या तीन खोल्या. मास्तर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले, आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलाकडे आले होते. मुलगा श्रीनिवास सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सून सुधा पुण्याची. मास्तरांच्या पोटात गाठ होती आणि ती ऑपरेशनच्या पलीकडे गेली होती. खाली घरमालकीण राहत, नागम्मा नावाच्या. विधवा, सोवळ्याओवळ्याच्या, आवाज असा की वर आम्हाला त्यांचं कुकर लावणंसुद्धा ऐकू येई. दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात जात आणि मास्तरांसाठी अंगारा आणत, पण तो जिन्यात ठेवून हाक मारत. वर येत नसत.

मास्तर मला ‘बाई’ म्हणत, शाळेतल्या मास्तरणीला म्हणावं तसं. सकाळी अंग पुसून झालं की त्यांचं डोकं साफ असे. मग ते बोलत.

“बाई, ते झोपायचं इंजेक्शन तुम्ही देता, ते ठीक आहे. ते दुसरं नको.”

दुसरं म्हणजे कोरामीन. नाडी खाली गेली की ते टोचत. त्या काळी प्रत्येक मरणाऱ्या माणसाला ते मिळेच. न मिळालं तर घरच्यांना वाटे, डॉक्टरने काही केलंच नाही. त्याने हृदय घटकाभर जोरात धावे, श्वास वाढे, माणूस घाबराघुबरा होऊन डोळे उघडी. बसकण मारलेल्या बैलाची शेपटी पिरगाळल्यावर तो उठतो ना, तसं. मास्तरांना ते दोनदा दिलं होतं. दोन्ही वेळा ते उठले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

“मला सांगून काय उपयोग, मास्तर? डॉक्टर सांगतील तसं मी करते. श्रीनिवासरावांना सांगा.”

“त्याला सांगितलं की तो रडतो,” मास्तर म्हणाले.

त्याच आठवड्यात सुधाने पंचांग काढलं. म्हणजे काढलं तिने, पण घाबरवलं शेजारच्या घरातल्या पुरोहितांनी. मंगळवारपासून पाच दिवसांचं धनिष्ठा पंचक लागत होतं. आपल्याकडे पंचकात माणूस गेला तर दर्भाचे पुतळे करून त्याच्याबरोबर दहन करतात, शांत करतात आणि विषय संपतो. इकडच्या लोकांत तसं नाही. पंचकात ज्या घरात मृत्यू होईल ते घर सोडायचं. कुलूप लावून काही महिने रिकामं ठेवायचं, मगच शुद्ध करून परत राहायला यायचं. मोठमोठे शिकलेले लोक मुकाट्याने पाळत. भाडेकरूच्या घरी असं झालं तर मालक काय म्हणेल हे सांगायला नको.

श्रीनिवास माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. “सिस्टर, पंचक संपेपर्यंत अप्पांना... म्हणजे कोरामीन देत राहिलं तर?”

“आणि नाही निभावलं तर?”

“तर मग इस्पितळात हलवू. तिथे काही झालं तर घराला लागत नाही.”

मला राग आला. तो त्याच्यावर नव्हता खरा. दोन वर्षांपूर्वी अशाच कारणासाठी एका बाईंना मी टॅक्सीत घालून इस्पितळात नेत होते. लालबागेच्या फाटकापाशी त्या माझ्या मांडीवर गेल्या. ड्रायव्हर मागे वळून मला ओरडला की आता गाडी धुवायची कुणी. ते वाक्य त्या बाईंच्या आयुष्याचा शेवट म्हणून मला आठवतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मास्तरांच्या नशिबी ते यायला नको होतं.

“वडिलांना विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं. काल संध्याकाळी डॉक्टरांसमोरच विचारलं. ‘अप्पा, इस्पितळात जायचं ना?’ म्हटलं, ते ‘हं’ म्हणाले.”

आता इथे गोम होती. डॉक्टर आपला दवाखाना उरकून घरोघर जायचे ते संध्याकाळी. मास्तरांच्या पोटातल्या कळा वाढायच्या त्याही संध्याकाळी, म्हणून मॉर्फिन डॉक्टर येण्याआधीच दिलेलं असे. त्या वेळी मास्तरांना ‘आपण चंद्रावर जायचं ना?’ विचारलं असतं तरी ते ‘हं’च म्हणाले असते. इतके दिवस घरातले सगळे महत्त्वाचे प्रश्न त्यांना संध्याकाळी विचारले जात होते, कारण तेव्हा डॉक्टर असत आणि मुलगा कारखान्यातून आलेला असे. कुणाचा कपट-कावा नव्हता. सगळ्यांची सोय होती, एवढंच. मॉर्फिन लांबवायचं तर त्यांना कळा सोसाव्या लागल्या असत्या, ते मी केलं नसतं. मग एकच मार्ग उरला. डॉक्टरांना सकाळी आणायचं.

मी दवाखान्यात गेले. आमचे डॉक्टर कन्नड, स्वभावाने तापट, पण माणूस सच्चा.

“सिस्टर, तुम्हाला काय वाटतं, मला ते टोचायला आवडतं?” ते म्हणाले. “पण उद्या कुणी विचारलं, औषध जवळ असून का दिलं नाही, तर मी काय सांगू? नर्सबाई म्हणाल्या म्हणून? पुस्तकात औषध कसं द्यायचं ते आहे. कसं थांबायचं ते कुठेही लिहिलेलं नाही. कायदा तर माझ्या बाजूने आहे की विरुद्ध, तेही मला ठाऊक नाही.”

“माझ्या सांगण्यावर थांबू नका. मास्तरांच्या तोंडून ऐका. फक्त सकाळी या.”

“सकाळी माझे पेशंट दारात उभे असतात.”

“त्यांतले बरेच उद्याही उभे राहतील,” मी म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, गेली नोकरी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मोटार दारात उभी होती. श्रीनिवासलाही मी कामावर उशिरा जायला सांगितलं होतं.

मास्तरांचं अंग पुसून झालं होतं. पाठीला दोन उशा लावून ते बसले होते. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि कन्नडमध्ये सरळ विचारलं. मास्तर ते इतक्या व्यवस्थित ऐकत होते, की जणू विद्यार्थी उत्तर सांगतोय आणि चूक कुठे निघते ते बघायचंय.

“डॉक्टर, तुमचं ते इंजेक्शन म्हणजे ग्रेस मार्क,” मास्तर म्हणाले. “मी नोकरीत कुणाला दिले नाहीत, आता घेणारही नाही. दुखणं तेवढं थांबवा. आणि मला इथून हलवू नका. ही खिडकी बरी आहे.”

श्रीनिवास पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. “अप्पा, औषध असताना द्यायचं नाही, म्हणजे आम्हीच तुम्हाला... कारखान्यात एक जण वकिलीचा अभ्यास करतोय. तो म्हणाला, असं थांबवणं गुन्हा होऊ शकतो.”

“मला मारतोय तो आजार. तू कशाला त्याचं श्रेय घेतोस?” मास्तर म्हणाले.

डॉक्टर हसले. मीही. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात श्रीनिवासच्या तोंडून निघून गेलं, “पण घर, अप्पा!”

“कसलं घर?”

शेवटी सुधाने खाली मान घालून सांगितलं. पंचकाचं, कुलपाचं, नागम्मांचं. दोन दिवस परसात सामान हलवल्याचा आवाज येत होता तेही तिने सांगितलं. नागम्मा नव्या भाडेकरूची तयारी करतायत, आपल्याला आता निघायला सांगणार, असं या दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे आधी सांगायचं. मग मला इस्पितळात न्या. आजच न्या.”

मला एकदम रडू आलं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी खिडकी मागणारा माणूस स्वतःहून टॅक्सीत बसायला निघाला होता. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आता हीसुद्धा रोग्याचीच इच्छा, शुद्धीवर असताना सांगितलेली. मग ऐकायची कुठली? खरी कुठली? आजही मला कुणी चर्चासत्रात नेऊन बसवलं तर मी हाच प्रश्न विचारीन. माणूस ‘मला न्या’ म्हणतो तेव्हा ते त्याला जायचं असतं म्हणून, की आपण घरच्यांना जड होऊ नये म्हणून?

“डॉक्टर, स्वल्प थांबा,” मी म्हणाले आणि जिना उतरले. इतक्या दिवसांत एकही माणूस नागम्मांशी याबद्दल बोललेला नव्हता. सगळ्यांना त्या काय म्हणतील ते आधीच माहीत होतं.

त्या परसात कपाळाला आठ्या घालून नारळाच्या शेंड्या मोलकरणीच्या डोक्यावर चढवत होत्या. मी लांबूनच विचारलं. माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं, त्यामुळे लांबण लावायची सोयच नव्हती. मास्तर पंचकात गेले तर तुम्ही काय करणार?

“घर बंद. दुसरं काय?” त्या म्हणाल्या. “नियम म्हणजे नियम.”

मी म्हटलं, “मग म्हणूनच मुलगा त्यांना इस्पितळात नेतोय.”

नागम्मांनी हातातली शेंडी खाली टाकली. “कुठे? मेष्ट्रना? का?”

“घर बंद होऊ नये म्हणून.”

“त्या पोराला अक्कल आहे की नाही!” त्यांचा आवाज माडीवर गेला असणारच. “घर काय फक्त वरचं बंद होतं? छप्पर एक आहे. मलाही निघावं लागतं. होसकोट्याला धाकट्या बहिणीकडे निरोप धाडला, माझी ट्रंक भरून झाली. आणि हे काय करतेय मी? हे आउटहाउस मोकळं करतेय. याचं छप्पर वेगळं आहे, त्याला पंचक लागत नाही. तिघं... दोघं राहतील की आरामात.” ‘तिघं’ म्हणून त्या अडखळल्या आणि पदराने तोंड पुसलं. “घरातल्या माणसाला मरायला बाहेर धाडतात का, अक्का? मला कुणी विचारलंच नाही.”

विचारलंच नाही. मास्तरांना भलत्या वेळी विचारलं आणि यांना मुळीच नाही. मी त्या सोवळ्यात होत्या हे विसरून त्यांचा हात धरला. त्या ओरडल्या, मग म्हणाल्या, “आता आंघोळ करावीच लागणार, तर वर जाऊनच येते.” आणि त्या पहिल्यांदा जिना चढल्या.

दारात उभं राहून त्यांनी मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी हात जोडले. “अम्मा, तुम्हाला माझ्यामुळे घर सोडावं लागणार.”

“बहीण किती वर्षं बोलावतेय. मी गेलेच नाही, नळाचं पाणी कोण भरणार म्हणून. तुमच्या निमित्ताने जाईन,” नागम्मा म्हणाल्या. “तुम्ही घाई करू नका. आणि उगाच थांबूही नका. सरी?”

“सरी, ठीक,” मास्तर म्हणाले.

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते. मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सिस्टर, यापुढे कोरामीन नाही. मॉर्फिन चालू. कळा वाढल्या तर वाढवायचं, मला फक्त कळवायचं. कुणी विचारलं तर सांगा, माझा हुकूम आहे.” आणि श्रीनिवासकडे बघून, “तुमच्या त्या वकील मित्रालाही सांगा. काही असेल तर मला येऊन भेटू दे.” कुणी आलं नाही, कधीच नाही. पण ते वाक्य डॉक्टरांना सोपं गेलं नसेल. घरी जाऊन त्यांना झोप लागली की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर ते घर बदललं. सुधा गाणी लावू लागली. श्रीनिवास वडिलांपाशी बसून गणितं घालून घेऊ लागला, तोंडी, लहानपणी घालून घ्यायचा तशी. आधी तो दारातून नाडीचा आकडा विचारून निघून जायचा. मास्तरांना तो चेहरा दाखवायला घाबरायचा, असं मला वाटतं. पंचक कधी संपणार हे आता कुणी विचारत नव्हतं. नागम्मांची ट्रंक खाली ओसरीवर भरलेली होती आणि त्या तिच्यावर बसून तांदूळ निवडत.

मास्तर गेले ते सकाळीच, पंचक संपायच्या आधी. श्रीनिवास कामावर जायचे कपडे घालून त्यांच्यापाशी बसला होता. श्वास लांबत चालला, मध्ये मोठा खंड पडू लागला. मला ते श्वास ओळखू येतात. इतक्या वर्षांची सवय, माझा हात आपोआप ट्रेकडे गेला. पूर्वी या क्षणाला मी नेहमी काहीतरी करत असे. अँप्यूल फोडायची, सुई लावायची, घरच्यांना बाजूला सारायचं. आज करण्यासारखं काही नव्हतं. मी हात मागे घेतला आणि पलंगापाशी जाऊन उभी राहिले. मास्तरांचा चेहरा घाबराघुबरा नव्हता. डोळे मिटलेले, कपाळ सैल.

“श्रीनिवासराव, हात द्या जरा त्यांचा,” मी म्हणाले. “नाडी बघते.”

त्याने वडिलांचा हात दोन्ही हातांत धरला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “थोडा वेळ राहू दे माझ्याकडे, सिस्टर.”

मी नाडी बघितली नाही.